स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी

॥ श्री ॥



आपल्या परिवारातल्या ग्रुपवर एक प्रश्न नेहमी येतो. "घरातला लॅपटॉप बंद पडलाय. व्हिडिओ बघून घरीच उघडू, का दुकानात देऊ?" प्रश्न मशीनचा दिसतो, पण थोडं आत पाहिलं तर तो आपल्या स्वभावाचा आहे. कुठे हात घालायचा आणि कुठे हात जोडायचे, हे कळणं म्हणजे विवेक.

लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत आपली कितीतरी कुटुंबं खानदेशातून येऊन स्थिरावली. लूमवर, मशीनवर काम करून घरं उभी राहिली. त्यामुळे "मीच बघतो" ही आपली जुनी सवय, आणि ती चांगलीच आहे. प्रत्येक लहान गोष्टीला दुसऱ्याचं तोंड बघणं हा आळस. पण येत नसताना येतं असं दाखवणं हा अहंकार. दोन्हीकडून नुकसान आपलंच.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची लक्षणं वेगळी सांगितली. दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून मदरबोर्डला डाग द्यायला बसणाऱ्याने हे जरूर आठवावं. माहिती डोळ्यांनी मिळते, हात मात्र सरावानेच तयार होतो.

मग ठरवायचं कसं? सुरतच्याच धंद्यातून शिकूया. कच्च्या हिऱ्यावर आधी नीट खुणा करतात, मगच तो कापतात. कारण एकदा घासला गेलेला कण परत चिकटवता येत नाही. लॅपटॉपलाही हीच कसोटी लावावी: चुकलं तर मागे फिरता येईल का?

येत असेल तर घरी अवश्य करावं. दुसरा योग्य चार्जर लावून बघावा. स्क्रीन काळी असेल तर केबलने टीव्हीला जोडावं. टीव्हीवर चित्र आलं तर दोष बहुधा स्क्रीनचा किंवा तिच्या जोडणीचा, हे न उघडताच कळतं. लॅपटॉप तापून बंद पडत असेल तर हवेच्या जाळ्या बघाव्यात. लूमच्या वस्तीत सुताचे बारीक तंतू हवेत उडतात आणि धुळीबरोबर तिथे अडकून बसतात. मशीन बंद करून, चार्जर काढून, बाहेरून मऊ ब्रशने साफ करणं कोणालाही जमेल.

पण बॅटरी फुगली असेल तर तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही. तशी बॅटरी पेट घेऊ शकते. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नये, आतला मजकूर कायमचा जाऊ शकतो. आणि पाणी गेलं असेल तर? २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी घराघरांत शिरलं होतं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. भिजलेलं यंत्र घाईने चालू केलं की पाण्यातून वाचलेलं विजेने जातं. अशा वेळी जाणकाराकडेच जावं. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी तो कागद वाचावा.

अजून एक गोष्ट मनाला विचारावी. ही वस्तू फक्त माझी आहे का? त्यात मुलीचा प्रोजेक्ट असेल, सुनेचं ऑफिसचं काम असेल, आजोबांचे शेवटचे फोटो असतील. आपल्या हौसेची जोखीम त्यांनी का घ्यावी? त्यांना विचारावं, फाइलींची दुसरी प्रत काढता येत असेल तर काढावी, मगच हात लावावा.

आता कारागिराबद्दल. बरेच जण दुकानात जातात ते मनात संशय घेऊनच. फसवणूक होते हे खरं, म्हणून खर्च आधी विचारावा, बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा, गरज नसताना पासवर्ड देऊ नये. दुरुस्ती हा ग्राहकाचा हक्क मानावा म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समितीही नेमली. पण एखाद्या भावाने पाच मिनिटांत दोष काढून दिला, तर "एवढंच तर केलं, पैसे कसले?" असं म्हणू नये. त्या पाच मिनिटांमागे त्याची कित्येक वर्षं असतात. आपली मजुरी कोणी कापली तर आपल्याला कसं लागतं? तसंच त्यालाही लागतं. आणि घरी उघडून बिघडवलं असेल तर त्याच्यापासून लपवू नये. खरं सांगितलं तर त्याचा वेळ वाचतो, आपला खर्चही.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर "काय करू?" असं कोणी विचारलं, तर लगेच व्हिडिओ पाठवू नका. आधी विचारा: दोष काय दिसतोय? चुकलं तर परत येईल का? आणि आत कोणाचं काय आहे? या तीन उत्तरांत निर्णय बहुतेक सापडतोच.

घरातल्या लहान-मोठ्यांना हे वाचून दाखवावं. 🙏