वेशीपर्यंत

आमच्याकडे पाहुण्याला पोचवायला जाण्याची जुनी रीत आहे. पाहुणा निघाला, की यजमान पायांत चपला सरकवून त्याच्याबरोबर निघतो. आधी ओट्यापर्यंत, मग आळीच्या तोंडापर्यंत, मग वेशीपर्यंत. वेशीशी पाहुणा म्हणतो, "आता फिरा मागे." यजमान म्हणतो, "येतो की चार पावलं." ही चार पावले कधी कधी ओढ्यापलीकडेही जातात. कोण कोणाला कोठवर पोचवतो यावरून पूर्वी जिव्हाळ्याचे माप काढीत असत. परंतु केव्हातरी मागे फिरायचे आहे, हे दोघांनाही ठाऊक असे. गेल्या पावसाळ्यापासून ही रीत माझ्या मनात घोळते आहे, आणि त्याला कारण झाली एस.टी.त भेटलेली एक बाई.

काही कामासाठी पुण्याला निघालो होतो. मंचरला नारायणगावहून आलेल्या गाडीत चढलो आणि जागा मिळाली ती एका मायलेकीशेजारी. मुलगी आठ-नऊ वर्षांची. मांडीवर वही ठेवून शुद्धलेखन लिहीत होती आणि दर खड्ड्याला तिचा काना उडून वरच्या ओळीत जात होता. वाहक आला तेव्हा बाईने "दोन अर्धी" मागितली. 2023 पासून एस.टी.त बायकांना निम्मे भाडे पडते, आणि बारा वर्षांखालच्या मुलांना तर ते पूर्वीपासूनच आहे. म्हणजे महामंडळाच्या हिशेबी त्या दोघी मिळून एकच पूर्ण उतारू होता. पुढे तिचे सारे ऐकल्यावर वाटले, की महामंडळाने हिशेब बरोबर केला आहे.

मुलीला जिम्नॅस्टिक्ससाठी ती पुण्याला नेत होती. आठवड्यातून तीन दिवस. शाळेतून दुपारीच सुटायचे, अडीच-तीन तासांनी पुण्यात पोचायचे, चार ते सात सराव, आणि परत. मुक्काम वस्तीवर, फाट्यापासून दोन किलोमीटर आत. रात्री दहा-साडेदहाला उतरल्यावर मुलीचे वडील बॅटरी घेऊन फाट्यावर उभे असतात, कारण दोन्ही बाजूंना ऊस, आणि जुन्नरच्या उसात बिबट्या असतो हे आता पाठ्यपुस्तकात छापायचेच काय ते राहिले आहे.

मी शिक्षक होतो हे तिने माझ्या प्रश्नांवरून ओळखले असावे. राजगुरुनगर मागे पडल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, घरचेसुद्धा म्हणतात हे खूळ आहे. तुम्ही सांगा, लेकरासाठी माणसानं कुठवर जावं?"

आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारून ज्याने पोट भरले, त्याला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. चाकणच्या गर्दीत गाडी अडकली त्या अर्ध्या तासातही नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हिशेब करू. नारायणगाव ते पुणे सुमारे 75 किलोमीटर. जाऊन-येऊन 150, आठवड्याला 450, वर्षाला पन्नास आठवडे धरले तर साडेबावीस हजार. पृथ्वीचा परीघ सुमारे चाळीस हजार किलोमीटर. म्हणजे दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच ही माउली पृथ्वीप्रदक्षिणा करील, आणि तीही एस.टी.च्या बाकावर बसून! गणपतीने तर आईबापांभोवती एक फेरी मारून पृथ्वीप्रदक्षिणेचे पुण्य मिळवले. येथे उलटे आहे. लेकरासाठी आई खरीच पृथ्वी पालथी घालते आहे.

ज्यांना हे खूळ वाटते त्यांना मी आमच्याच जुन्नर-आंबेगावातले दुसरे एक खूळ दाखवीन. येथे बैलगाडा शर्यतींसाठी माणसे बैल टेम्पोत चढवून तीन तालुक्यांपलीकडच्या घाटावर जातात. स्वतः शिळी भाकरी खातील, बैलाचा खुराक चुकू देणार नाहीत. 2014 मध्ये या शर्यतींवर बंदी आली तेव्हा त्यांच्यासाठी आमची माणसे पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि 2023 मध्ये न्यायालयाचा अंतिम निर्णय अनुकूल लागला तेव्हा गुलाल उधळला. बैलासाठी दिल्लीपर्यंत गेलेले चालते आणि मुलीसाठी पुण्यापर्यंत गेलेले खूळ ठरते, हा न्याय मला तरी उमगत नाही.

बरे, पुण्याला गेल्यावाचून चालेल अशीही सोय नाही. कुस्तीला तांबडी माती लागते, कबड्डीला चुन्याच्या रेघा, मल्लखांबाला एक गुळगुळीत लाकूड. ही सामग्री कोणत्याही गावाला जमवता येते. परंतु मुलींच्या जिम्नॅस्टिक्सला चार साधने हवीत: उडीचे टेबल, वरखाली असलेले दोन दांडे, बारा मीटर चौरसाची लवचीक जमीन आणि तोल सांभाळण्याची तुळई. ही तुळई पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि रुंदीला अवघी 10 सेंटिमीटर असते. शेताच्या बांधावर चालणाऱ्या पोरीलाही ती अरुंद वाटावी. त्याखेरीज खाली जाड गाद्या हव्यात आणि पडताना झेलणारा जाणता हात हवा. हा हात सर्वांत दुर्मीळ.

पूर्वी असा हात दूर असला तर मूलच त्याच्याकडे जाऊन राही. मल्लखांबाला नवे आयुष्य देणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले. त्या काळी शिष्य गुरूच्या घरी पाणी भरून विद्या घेई, आणि आईबाप वर्षातून एखाद्या वेळी तोंड पाहून जात. आजही तशी सोय आहे. बालेवाडीला शासनाची निवासी क्रीडा प्रबोधिनी आहे. परंतु सहा-सात वर्षांचे मूल वसतिगृहात ठेवायला आईचे मन घेत नाही. तेव्हा ही रोजची पायपीट कशाची किंमत आहे म्हणाल, तर विद्येची नव्हे. मूल रात्री आपल्या घरी, आपल्या गोधडीत झोपावे याची ती किंमत आहे. एवढे समजले की त्या बाईविषयी आदरच वाटतो.

मग प्रश्न उरतो कोठे?

शिवनेरीच्या आसमंतात कोणत्याही आईला जिजाऊंचा दाखला दिला जातो. दाखला थोर आहे. पण देणारे सारे शेवट ठाऊक असलेले लोक असतात. यश आले की आईबापांचे कष्ट म्हणजे तपश्चर्या, न आले तर खूळ. ही कसोटीच खोटी आहे. त्रिपुराची दीपा कर्माकर सहाव्या वर्षी या खेळात शिरली. तिचे पाय सपाट होते, आणि तशा पायांना हा खेळ अवघड जातो. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली. कांस्यपदक हुकले ते 0.150 गुणांनी. पदक हेच जर सार्थक असेल, तर तिची सारी वर्षे एवढ्याशा अपूर्णांकासाठी वाया गेली म्हणावे लागेल. तसे कोणीच म्हणत नाही. म्हणजे सार्थक शेवटच्या मुक्कामावर नसते, ते वाटेतच कोठेतरी असावे लागते. आणि वाटेतल्या सार्थकाची कसोटी पुढच्या दहा वर्षांत नव्हे, आजच्या आजच लावता येते.

ती कशी लावावी? खाशाबा जाधवांना 1952 मध्ये हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर गहाण टाकले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. हा त्याग मोठाच; परंतु ज्याच्यासाठी तो केला तो सव्वीस वर्षांचा जाणता पुरुष होता. आपल्याला काय हवे हे त्याला ठाऊक होते, आणि कोणाचे ऋण आपण घेतो आहोत हेही. जिम्नॅस्टिक्सची गोष्ट निराळी. नादिया कोमानेची 1976 साली माँट्रियलला दहापैकी दहा गुण मिळवून गेली तेव्हा चौदा वर्षांची होती. 1997 पासून मुलींना सोळावे वर्ष लागल्याखेरीज वरच्या गटात उतरता येत नाही. पण म्हणून सुरुवात काही उशिरा होत नाही. ती सहाव्या-सातव्या वर्षीच करावी लागते. म्हणजे ज्या वयात मुलाला उद्याचा वारही नीट सांगता येत नाही, त्या वयात आईबाप त्याच्या नावावर हजारो किलोमीटरचे कर्ज काढतात. कर्जदाराची सही नाही, साक्षीदार नाहीत, आणि फेडीची मुदतही कोणी सांगितलेली नाही.

हे मी लिहितो ते कोणाला दोष देण्यासाठी नव्हे. मी स्वतः असे कर्ज काढलेले आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या मुलाला मी मंचरहून पुण्याच्या एका व्यायामशाळेत याच खेळासाठी नेत असे. अंतर सुमारे साठ किलोमीटर. त्या वेळी आजचे वळणरस्ते नव्हते. खेडच्या घाटात आणि गावागावांत गाडी रखडे. सहा वर्षे मी नेले. पाऊस पाहिला नाही, ताप पाहिला नाही. घरी पाहुणे आले की मुलाच्या देखत माझ्या फेऱ्यांचा हिशेब सांगे. त्यात अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर थोडी फुशारकीही होती. चौदाव्या वर्षी मुलगा एकाएकी उंच झाला. मागे उलटी उडी घेताना त्याला भीती वाटू लागली. पुढे समजले, की ही भीती त्याने दोन महिने मनात ठेवली होती. शेवटी बोलला तो आईपाशी. तिने विचारले, "बाबांना का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "बाबांचे इतके फेरे झाले आहेत."

ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. दोन महिने तो उलटी उडी घेत होता ती खेळासाठी नव्हे, माझ्या फेऱ्यांसाठी. त्यात त्याची मान मोडली असती तर?

ज्या आंबेगावावरून आमच्या तालुक्याचे नाव पडले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याच्या पाट्यांवर नाव मात्र तसेच आहे. आमच्या घरातही तसेच झाले होते. मुलाची हौस केव्हाच बुडाली होती, आणि तिच्या नावाने मी तिकिटे काढीत होतो.

अमेरिकेची सिमोन बाइल्स 2021 मध्ये टोकियोला, सांघिक अंतिम फेरीत, पहिल्याच उडीनंतर थांबली. हवेत असताना आपले शरीर कोठे आहे हेच तिला उमगेना. साऱ्या जगाचे डोळे लागलेले असताना ती "आज नाही" म्हणू शकली, आणि तीन वर्षांनी पॅरिसला येऊन तीन सुवर्णपदके जिंकली. मी पदकांकरता हे सांगत नाही. ती परत आली नसती तरी तिचे थांबणे योग्यच होते. जगातल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूला जे म्हणता आले ते मंचरच्या माझ्या मुलाला म्हणता आले नाही, कारण तो ज्याच्यासमोर बोलणार होता त्याने प्रत्येक किलोमीटर मोजून ठेवला होता.

तेव्हा त्या बाईच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. ताई, तुम्ही जरूर जा. घरी दुसरे लेकरू असेल तर त्याच्या वाट्याचा एक दिवस मात्र या तिनांतून राखून ठेवा. आजीजवळ राहिलेले मूलही तुमचेच आहे. आणि या फेऱ्यांचा हिशेब मुलीसमोर कधीही मांडू नका, कौतुकानेही नाही. जे अंतर मोजून सांगितले ते मुलाच्या पाठीवर बसते. न सांगितलेले अंतर तिला मोठेपणी आपोआप समजेल, आणि तेव्हा ते जड वाटणार नाही.

पाहुण्याला पोचवण्याच्या रीतीत एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. "आता फिरा मागे" हे यजमानाने म्हणायचे नसते. ते निघालेल्याने म्हणायचे असते. वेस कोठे आहे हे त्याच्या शब्दावरून ठरते, आपल्या पायांच्या जोरावरून नाही. यजमानाने आपल्या उत्साहात इतके मोठ्याने बोलू नये, की तो हलका शब्द ऐकूच येऊ नये.

त्या दिवशी भोसरीच्या अलीकडे मुलगी वहीवर डोके ठेवून झोपली. आईने पेन तिच्या हातातून हळूच काढून घेतले, टोपण लावले आणि आपल्या पिशवीत ठेवले. मी उतरलो तेव्हा मुलगी जागी झाली नव्हती. सराव सुरू व्हायला अजून अवकाश होता.