दीवची एक संध्याकाळ

संसार मुरला की सहलसुद्धा मुलांच्या सुट्ट्या आणि तिकिटं यांभोवतीच फिरू लागते. त्यातली एक संध्याकाळ फक्त दोघांची ठेवावी. दीवसारख्या छोट्या बेटावर त्यासाठी फार आखणीही लागत नाही. पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला उन्हं कलल्यावर पाहावा. तटावर जुन्या तोफा अजून आहेत. मग फुदमच्या गंगेश्वराला जावं. भरतीची लाट खडकातल्या पाच शिवलिंगांवर येते, फेसाळते, वाहिलेली फुलं घेऊन ओसरते. इथे मात्र घाई नको. पुढची लाट येईपर्यंत शेजारी शेजारी उभं राहावं, बोलणं आपोआप सुचतं. जेवण कुठेही चालेल. फक्त बेत एकट्याने ठरवू नका. आजच जोडीदाराला विचारा, तुला काय बघायचंय?