पावसाळी दिवसाची ठेव

‘सेव्ह फॉर अ रेनी डे’ ही इंग्रजांची म्हण आम्हां बँकवाल्यांची फार लाडकी. पावसाळी दिवस म्हणजे वाईट दिवस. त्यासाठी चार पैसे बाजूला टाकावेत. लंडनात वर्षभरात पाऊस पडतो सुमारे 600 मिलिमीटर. एवढ्याशा ओलीवर त्यांनी म्हण करून ठेवली! आंबोलीत तेवढा जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात पडतो.

म्हण खरी मानली, तर आंबोलीकराने जूनपासून चार महिने नुसते पैसे काढत बसायला हवं. पण धबधब्याखाली भिजायला माणसं येतात ती तेव्हाच, आणि चहा-भजीवाल्याचा गल्ला भरतो तोही तेव्हाच. त्याचा वाईट दिवस लख्ख उन्हाचा! 2009 साली शास्त्रज्ञांनी नोंद केलेला आंबोलीचा भेकसुद्धा लग्नासाठी पहिल्या पावसाचाच मुहूर्त धरतो. घाटापलीकडे 1972 चा दुष्काळ पाहिलेल्याला तर ही म्हण सांगूच नये.

मग बचत करू नये की काय? करावी, जरूर करावी. फक्त कोकणातल्या आयाबायांसारखी करावी. आगोटीच्या आधी त्या बेगमी करतात: सुके बांगडे, जवळा, कुळथाचं पीठ, आमसुलं, लाकूडफाटा. ही बचतच की! पण तिला तारीख असते. मिरगाला डबे उघडायचे, नारळी पौर्णिमेपर्यंत खायचे, आणि शेजारीण पेलाभर पीठ मागायला आली तर द्यायचं. डबा रिकामा झाला म्हणजे बेगमी फुकट गेली, असं कोणी म्हणत नाही.

इंग्रजी पावसाळी दिवसाला मात्र तारीख नाही. त्यामुळे दाराशी आलेला पाऊस माणसाला खरा वाटत नाही. छप्पर गळतंय? हा नव्हे. बायकोचे गुडघे दुखतायत? अजून नव्हे. भावाच्या पोराची फी अडलीय? तो तर त्याचा पाऊस! याहून मोठा येणार आहे म्हणून माणूस पावती पुन्हा मुदतीत टाकतो. अखेर एक दिवस तोच जातो आणि पावती राहते. दहा वर्षं कोणी विचारलं नाही की ती रक्कम, 2014 पासूनच्या नियमाप्रमाणे, रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. वारसाला ती मागता येते म्हणा; पण पावती कुठल्या ट्रंकेत आहे ते वारसाला ठाऊक हवं ना!

काटकसर आणि भीती, दोघींचं पासबुक सारखंच दिसतं. फरक कळतो तो पैसे काढायच्या स्लिपवर. ज्याला ती भरता येते, तो काटकसरी. आणि शेजाऱ्याच्या गळक्या छपरासाठी जो भरतो, त्याला पाऊस कशाला म्हणतात ते नेमकं कळलेलं असतं.