गुत्त्याची इमारत

‘दारूच्या गुत्त्याला कसला आलाय इतिहास?’ अचलपूरच्या जुन्या वास्तूंचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. इमादशाहीची ही राजधानी; तिचा परकोट, दुल्हा दरवाजा वारशाच्या यादीत असतात. याच यादीत हौज कटोराही मानाने बसतो. तलावाच्या मधोमध उभी असलेली ती अष्टकोनी इमारत सुलतानांच्या ऐषआरामासाठी होती, असंच सांगितलं जातं. सुलतानाचा विरंगुळा वारसा ठरतो, तर शेजारच्या परतवाड्याला कापसाची गाडी रिकामी करून बसलेल्या गाडीवानाच्या विरंगुळ्याची जागा यादीबाहेर का?

मागणी रास्त आहे. मात्र गुत्ता लोकांनीच हौसेने उभा केला, हे तिच्यात गृहीत धरलेलं आहे, आणि तिथेच ती अडते. काही जागा लोकांच्या गरजेतून होतात, काही सरकारच्या हुकुमातून. पार, पाणवठा, बाजाराचा ओटा पहिल्या जातीचे. कचेरी, नाका, चौकी दुसऱ्या. मेळघाटातला कोरकू आदिवासी मोहाची फुलं वेचायचा, घरीच दारू गाळायचा. लग्नाला, सणाला, देवाला तीच दारू. त्यासाठी वेगळी इमारत लागत नव्हती. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं आणि पुढे अबकारीचा जम बसला. विनापरवाना गाळणं गुन्हा झाला, विक्रीचा हक्क हर्रासात निघू लागला. पिण्याला चार भिंती, पाटी आणि ठेकेदार मिळाला तो असा. देशी दारूचं दुकान आजही नीट पाहावं: लोखंडी जाळी, हात जाईल एवढी खिडकी, आत पैसे घेणारा माणूस. बसायची सोय नंतरची, वसुलीची आधी.

अशा जागेची नोंद ठेवणं म्हणजे व्यसनाचा गौरव, हा आक्षेप मात्र मला मुळीच पटत नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली. दारूचे कट्टर विरोधकच दुकानं वाढल्याची नोंद करून गेले, आणि ती नोंद नसती तर जाब विचारायलाही आधार उरला नसता. नोंद गाळल्याने गुत्ता नाहीसा होत नाही, त्यातून महसूल कुणी घेतला एवढंच नाहीसं होतं.

म्हणून गाडीवानाच्या विरंगुळ्याची जागा म्हणून गुत्ता यादीत घाला, हे सुरुवातीचं म्हणणं मला आता अपुरं वाटतं. त्याची जागा हौज कटोऱ्याशेजारी नाही, तहसील कचेरीशेजारी आहे. त्याचा इतिहास लिहायचा तर कमानी आणि सागवानी खांब दोन ओळींत उरकावेत आणि हर्रासाच्या बोली, परवान्यांची नूतनीकरणं, धाडी यांचे कागद उलगडावेत. त्यातच अलीकडचं पानही येईल: निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे ‘दुकान बंद’च्या चिन्हाला, मत दिलं, तर दुकान बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. हुकुमाने उघडलेलं दार बंद करण्याचा हक्क पिणाऱ्यांच्या घरातल्या बायांपर्यंत पोचायला किती वर्षं लागली, हेही त्या कागदांतूनच मोजता येईल.