निवड आणि विश्वास

पक्षी काय खातात हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु समोर अनेक पदार्थ असताना त्यांतला एखादाच ते का उचलतात, हा प्रश्न निराळा आहे. ‘उपजत प्रेरणा’ असे त्याचे उत्तर देऊन आपण मोकळे होतो आणि निवड, विवेक हे शब्द माणसासाठी राखून ठेवतो. ही वाटणी वाटते तितकी सरळ नाही.

1977 साली ऑक्सफर्डच्या जॉन क्रेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्यासमोरून सरकत्या पट्ट्यावर अळ्यांचे लहानमोठे तुकडे नेले जात. मोठे तुकडे विरळ असले, की पक्षी दोन्ही खाई. ते वारंवार येऊ लागले, की लहान तुकडे बहुतांशी सोडून देई. लहान तुकड्याचे मोल त्या तुकड्यात नव्हते. तो घेताना काय गमवावे लागेल, यावर ते ठरत होते.

नकारालाही असाच इतिहास असतो. अमेरिकेतील मोनार्क फुलपाखराची अळी रुईच्या कुळातील वनस्पतींवर वाढते आणि त्यांतील विष फुलपाखरात उतरते. 1960च्या दशकात लिंकन ब्राउअर यांनी अशी फुलपाखरे ब्लू जे पक्ष्यांना दिली. फुलपाखरू खाल्लेला पक्षी थोड्याच वेळात ओकला आणि पुढे त्या रूपाच्या फुलपाखराला चोच लावीना. तो शिकला, कारण चुकीचे फळ लगेच मिळाले आणि ते भोगूनही तो जगला.

आपल्याकडील गिधाडाला यांतले काहीच लाभले नाही. कुजके मांस ते सहज पचवते. परंतु डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचल्यावर लवकरच मेलेले जनावर त्याने खाल्ले, तर मूत्रपिंडे निकामी होऊन ते काही दिवसांत मरते. धोक्याची खूण त्याला मिळत नाही आणि शिकायला ते उरत नाही. 1990च्या दशकापासून भारतातील गिधाडांच्या तीन जाती 90 टक्क्यांहून अधिक घटल्या. कारण उमगले ते 2004 मध्ये. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

येथे दोष कोणाचा? गिधाडाने युगानुयुगे योग्य ठरलेलीच निवड केली होती. शेतकऱ्यानेही क्रौर्य केले नव्हते. दुखणाऱ्या बैलाला आराम पडावा, एवढीच त्याची इच्छा होती. हेतू शुद्ध असला की कृत्य निर्दोष ठरते, ही आपली समजूत या ठिकाणी अपुरी पडते. दयेचा स्पर्श बैलापर्यंत पोहोचला. तिचा परिणाम मात्र बैलाच्याही पलीकडे गेला.

प्रत्येक निवडीच्या तळाशी एक विश्वास असतो: काल जे अन्न होते, ते आजही अन्नच आहे. पक्ष्याचा विवेक या विश्वासावर उभा आहे, आणि तो मोडण्याचे सामर्थ्य आता माणसाच्या हाती आले आहे. माणसाचे वेगळेपण निवड करण्यात नसेलही. दूरचा परिणाम आधी ताडून पाहण्यात ते नक्की आहे. अजाणतेपणी झालेल्या हानीला अज्ञानाची सबब असते. कळल्यानंतर ती उरत नाही. किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक या औषधांवर जनावरांपुरती बंदी येण्यास 2023 साल उजाडावे लागले. नवे औषध गोठ्यात येण्यापूर्वी ते पारखणे गिधाडाला शक्य नाही. ते काम त्याच्या वतीने आपणच करायचे आहे.