फॉर्ममधला तो एक रकाना



आजचं चिंतन भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातल्या तिसाव्या श्लोकावर. एखादा माणूस पूर्वी कितीही वाईट वागलेला असो, तो जर मनापासून देवाकडे वळला तर त्याला साधूच मानावं, असं भगवान अर्जुनाला सांगतात. कारणही देतात: त्याचा निश्चय आता योग्य जागी स्थिर झालाय. ज्ञानेश्वर माउली इथे पुराचा दाखला देतात. महापुरात सापडलेला माणूस जिवंत काठाला लागला, की मग त्याचं ते बुडणं राहिलं कुठे? पश्चात्तापाला माउली तीर्थ म्हणतात. त्यात न्हाऊन आलेला माणूस स्वच्छच.

हे वाचून बरं वाटतं. पण मागच्या काही दिवसांत एक प्रश्न मनात घोळतोय. देवाच्या दारात जुनं सगळं धुतलं जातं, मग सरकारी फॉर्मवर ते परत का लिहायचं?

साखरशेतचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातलं गाव. नागली-वरईची शेती, भात निघाला की कामासाठी बाहेर पडणारी घरं. या भागातली पोरं पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी सैन्यासाठी. आपला हा मुलगा पदवीधर आहे आणि त्याला थेट अधिकारी व्हायचंय. जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे हवाई दलात फ्लाइट लेफ्टनंट होते, हे त्यानं लहानपणापासून ऐकलंय. सीडीएसचा अभ्यास त्यानं केलाय. पण एकोणीस वर्षांचा असताना एका भांडणात त्याचं नाव आलं होतं. गुन्हा दाखल झाला, पुढे दोन्ही बाजूंनी समेट केला, कोर्टानं सोडलं. आता समोर फॉर्म आहे. त्यात विचारलंय, तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का. मित्र सांगतोय, ‘नाही लिही रे, कोण बघतंय?’ घरच्यांनाही तेच वाटतंय.

हा मुलगा काल्पनिक आहे, पण त्याचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

२०११ चं एक प्रकरण बघा. दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होऊ पाहणाऱ्या एका तरुणाची निवड थांबवली गेली. साधारण विशीत असताना झालेल्या मारामारीची केस होती. समेट होऊन तो सुटला होता, पण अर्जात त्यानं ती लिहिली नाही. नंतरच्या फॉर्ममध्ये मात्र सांगितली. न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. तरुण वयात हातून काहीतरी घडतं, त्यावरून आयुष्यभराचा शिक्का मारू नये, असा त्याचा रोख होता. निकालात ‘ले मिझराब्ल’ कादंबरीतल्या जाँ वालजाँची आठवण काढली आहे. भुकेल्यांसाठी पाव चोरणारा आणि पुढे चोर म्हणूनच ओळखला जाणारा तो माणूस.

मग २१ जुलै २०१६ रोजी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सगळं सविस्तर मांडलं. थोडक्यात असं: उमेदवारानं दिलेली माहिती खरी हवी, काही दडवलेलं नको. कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारखी किरकोळ गोष्ट लपवली गेली असेल, तर नेमणूक करणारे ती सोडून देऊ शकतात. फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलंय त्याचंच उत्तर देणं बंधनकारक आहे. आणि चौथी गोष्ट कडू आहे. खरं सांगितलं तरी नोकरी द्यायलाच हवी असं नाही. पूर्वेतिहास बघून निर्णय घेण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्यांचा आहे.

ही प्रकरणं पोलीस आणि निमलष्करी दलांची आहेत. सैन्यात अधिकारी व्हायचं असेल तर पोलीस पडताळणी कशी टळेल? जून २०२२ मध्ये अग्निपथ योजनेविरुद्ध जाळपोळ झाली, तेव्हा लेफ्टनंट जनरल अनिल पुरी यांनी स्पष्ट केलं होतं की आपण त्यात नव्हतो हे प्रत्येक उमेदवाराला लिहून द्यावं लागेल आणि पडताळणीशिवाय कुणालाच प्रवेश मिळणार नाही.

म्हणजे आपल्या मुलापुढचा पेच खरा आहे. लपवलं तर पकडलं जाण्याची भीती. सांगितलं तरी निवडीची हमी नाही.

इथे आपल्या ग्रंथांतल्या दोन मुलांकडे जाऊ. दोघंही प्रवेश घ्यायला गेले होते. दोघांनाही दारातच विचारलं गेलं की तू कोण.

पहिला छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम. हारिद्रुमत गौतमांकडे शिकायला जायचं म्हणून तो आईला गोत्र विचारतो. आई जबाला सांगते, बाळा, तरुणपणी मी ठिकठिकाणी काम करत फिरले, त्या काळात तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही. तू सत्यकाम, मी जबाला, म्हणून ‘सत्यकाम जाबाल’ असं सांग. हा मुलगा गुरूंपुढे जाऊन हे जसंच्या तसं सांगतो. एखादं प्रतिष्ठित गोत्र ठोकून द्यायला त्याला कोण अडवणार होतं? आणि गुरू म्हणतात, समिधा आण, मी तुझं उपनयन करतो, कारण तू सत्यापासून ढळला नाहीस. त्या काळात जे कुळावरून ठरायचं, ते गुरूंनी इथे सत्यावरून ठरवलं.

दुसरा महाभारतातला कर्ण. द्रोणांनी ब्रह्मास्त्र शिकवायला नकार दिला, म्हणून तो परशुरामांकडे गेला आणि आपण भार्गव ब्राह्मण आहोत असं सांगून शिष्य झाला. एके दिवशी गुरू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले होते. एका किड्यानं त्याची मांडी पोखरली, रक्त आलं, पण गुरूंची झोप मोडू नये म्हणून तो हलला नाही. तेवढ्या सहनशक्तीवरूनच परशुरामांनी ओळखलं की हा ब्राह्मण नाही. शाप मिळाला: ऐन मरणाच्या वेळी ही विद्या तुला आठवणार नाही.

आता प्रामाणिकपणे बोलू. कर्णाची बाजू आपल्याला पटते. त्याच्यासाठी दार अन्यायानं बंद होतं. आपल्या साखरशेतच्या मुलालाही असंच वाटू शकतं. जव्हार-मोखाड्यासारख्या आदिवासी भागात केस म्हणजे दर वेळी पाप असतं असं नाही. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीवर नांगर धरला तरी वन खात्याची केस होऊ शकते. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे २००६ च्या वनहक्क कायद्यानं आपल्या उद्देशिकेतच मान्य केलंय. मग ज्या व्यवस्थेनं चुकीचा शिक्का मारला, तिला खरं का सांगायचं?

कारण शिक्का दुसऱ्यानं मारला, पण खोटं आपण लिहिणार. महाभारत कर्णाला शिकायचा हक्क नव्हता असं मला सांगत नाही. ते एवढंच सांगतं की खोट्या ओळखीवर मिळवलेली विद्या नेमकी गरजेला साथ सोडते. लपवलेली गोष्ट त्या किड्यासारखी असते. बाहेरून माणूस शांत बसलेला दिसतो, आत ती पोखरत राहते. प्रत्येक बढतीला, प्रत्येक निनावी पत्राला धडकी भरते.

आणि हे पद अधिकाऱ्याचं आहे. १० डिसेंबर १९३२ रोजी डेहराडूनच्या अकादमीच्या उद्घाटनाला फील्ड मार्शल चेटवुड यांनी अधिकाऱ्यासाठी एक क्रम घालून दिला, तो आजही तिथे शिकवला जातो. सगळ्यात आधी देश, मग हाताखालची माणसं, आणि स्वतःचं सुख सगळ्यात शेवटी. ‘नाही’ असं खोटं लिहिताना आपण हाच क्रम उलटा करतो. अकादमीत पाऊल ठेवायच्या आधीच स्वतःला पहिलं ठेवलेलं असतं.

एसएसबीच्या निवडीबद्दल तिथे एक गोष्ट आवर्जून सांगतात. मानसशास्त्रज्ञ मन बघतो, मुलाखत घेणारा वाचा बघतो, मैदानावरचा जीटीओ कर्म बघतो. तिघं आपापलं मत वेगवेगळं बनवतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा! आपण कीर्तनात ऐकतो तेच शब्द. तिन्ही एका रेषेत आहेत का, एवढंच तिथे तपासायचं असतं. मनात एक आणि कागदावर दुसरं असेल तर ही रेष सुरुवातीलाच वाकडी.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? देवानं धुतलं ते परत का लिहायचं? मला वाटतं, धुतलं गेलंय म्हणूनच लिहिता येतं. ज्याला आपण क्षमा झाल्याचा भरवसा नाही, तोच लपवतो. श्लोकातला तो ‘योग्य जागी स्थिर झालेला निश्चय’ दिसणार कुठे? माळ आणि टिळ्यात दिसेल न दिसेल, पण या रकान्यात नक्की दिसेल. भूतकाळात काय झालं याचा तिथे फक्त उल्लेख असतो. आज मी कोण आहे, ते माझ्या उत्तरावरून कळतं.

खरं सांगणं म्हणजे स्वतःला फासावर चढवणं नव्हे, हेही लक्षात घ्या. प्रश्न नीट वाचा. अटक, गुन्हा दाखल होणं, शिक्षा होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. केस क्रमांक, कोर्ट, तारीख आणि निकाल एवढं लिहा, निकालाची सही-शिक्क्याची प्रत जोडा. रडगाणं नको, बढाई नको. अठरा वर्षांच्या आतली गोष्ट असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ मुलाला अपात्रतेपासून संरक्षण देतं. गंभीर गुन्ह्यांत काही अपवाद आहेत, म्हणून वकिलाला विचारूनच भरा. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो मागण्यात कमीपणा नाही.

आणि खरं लिहूनही निवड झाली नाही तर? हे दुःख मोठं आहे, त्यावर गोड बोलून पांघरूण घालता येणार नाही. घरच्यांच्या आशा त्यावर असतात. पण सत्यकामालाही गुरू काय म्हणतील हे माहीत नव्हतं. त्यानं सांगितलं, आणि मग वाट बघितली. कर्मावर आपला अधिकार, फळावर नाही, हे आपण रोज म्हणतो. फॉर्म भरणं हे कर्म. निवड हे फळ.

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना सैन्यात जायचं नसेल. पण कंपनीचा पडताळणी फॉर्म, व्हिसाचा अर्ज, लग्नाच्या बोलणीत विचारलेला एखादा साधा प्रश्न, असा रकाना प्रत्येकाच्या वाटेवर येतोच.

आजचा संकल्प: असा एक प्रश्न आठवा, ज्याचं उत्तर आपण टाळतोय. देवापुढे बसून आधी ते मनात खरं म्हणा. मग जिथे द्यायचं तिथे द्या.

राम कृष्ण हरी.