आठांचा हिशेब

ग्रीक व्याकरणाच्या धर्तीवर लॅटिनचं व्याकरण रचायला बसलेल्या रोमन पंडितांपुढे एक पेच पडला. इ. स. पूर्व 100 च्या सुमारास होऊन गेलेल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या लहानशा ग्रीक व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या होत्या: नाम, क्रियापद, धातुसाधित, उपपद, सर्वनाम, शब्दयोगी, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी. विशेषणाला वेगळी जागा नव्हती, ते नामातच मोडत असे. आता लॅटिनमध्ये उपपद मुळातच नाही. म्हणजे जाती सातच उरायला हव्या होत्या. पण ग्रीकांनी क्रियाविशेषणांत ढकललेले उद्गारवाचक शब्द रोमनांनी बाहेर काढले, त्यांची स्वतंत्र जात केली आणि आकडा पुन्हा आठावर आणला. पुढे चौथ्या शतकात डोनेटसने आणि सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला शिकवणाऱ्या प्रिस्कियनने तीच मांडणी पक्की केली. युरोपातली मुलं शतकानुशतकं तेच आठ घोकत राहिली.

शब्दांच्या जातींचा विचार करताना मला हा प्रसंग सगळ्यांत बोलका वाटतो. भाषा बदलली तरी आकडा हलला नाही, इतका तो आकडा लोकांच्या मनात बसला होता.

आपल्याकडे हिशेब वेगळाच होता. यास्काने निरुक्तात पदांचे चार प्रकार मानले: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीला तर दोनच पुरले. ज्याच्या शेवटी नामाचे प्रत्यय येतात ते एक, क्रियापदाचे येतात ते दुसरं. मग अव्ययांचं काय? त्यांनाही आधी नामाचा प्रत्यय लागतो आणि लगेच त्याचा लोप होतो, असं पाणिनी म्हणतो. आजच्या विद्यार्थ्याला ही कसरत वाटेल, पण तिच्यामागचा आग्रह स्पष्ट आहे. पाणिनी शब्दाचा अर्थ विचारत नाही, त्याला प्रत्यय कोणता लागतो ते विचारतो. यास्क अर्थ विचारतो. ग्रीकांनी दोन्ही थोडंथोडं विचारलं. दोन, चार आणि आठ ही उत्तरं वेगळी आली, कारण प्रश्नच वेगवेगळे होते.

इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण विल्यम बुलोकरने 1586 मध्ये लिहिलं, तेही लॅटिनच्या साच्यात. 1762 मध्ये रॉबर्ट लाउथने आणि 1795 मध्ये लिंडली मरेने नऊ जाती धरल्या. विशेषण स्वतंत्र झालं, धातुसाधित गेलं, उपपद परत आलं. मरेचं पुस्तक तर पुढे कित्येक वर्षं शाळाशाळांतून चाललं. पण तोवर इंग्रजी साच्याबाहेर गेली होती. जुन्या इंग्रजीतले बहुतेक प्रत्यय मध्ययुगातच झडून गेले होते आणि शब्दाचं काम त्याच्या जागेवरून ठरू लागलं होतं. ‘राउंड’ हा एकच शब्द घ्या. ‘राउंड टेबल’मध्ये ते विशेषण, ‘अ राउंड ऑफ गोल्फ’मध्ये नाम, ‘टर्न राउंड’मध्ये क्रियाविशेषण, ‘राउंड द कॉर्नर’मध्ये शब्दयोगी आणि आकडा ‘राउंड’ करताना क्रियापद. शब्दाच्या अंगावर एकही खूण बदलत नाही. त्यामुळे ‘राउंड’ची जात कोणती, हा प्रश्न वाक्य समोर असल्याशिवाय विचारताच येत नाही.

मराठीचं व्याकरण विल्यम कॅरीने 1805 मध्ये सेरामपूरहून इंग्रजीत छापलं, पण मराठीतल्या व्याकरणपरंपरेचा पाया घातला तो दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836 च्या पुस्तकाने. विभक्तींची व्यवस्था संस्कृतची आणि शब्दांच्या जाती इंग्रजी धाटणीच्या, असं ते मिश्रण आहे. आपण शाळेत पाठ केलेल्या आठ जाती मरेच्या नऊ जातींशेजारी ठेवून पाहा. उपपद वगळलं की यादी तंतोतंत जुळते. रोमनांसारखीच आपल्यालाही उपपदाची जागा रिकामी सापडली. फरक इतकाच की ती भरून काढावी असं आपल्याला वाटलं नाही. 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहिलं. केशवसुतांच्या या धाकट्या भावाने प्रत्येक व्याख्या उलटीपालटी करून तपासली. तो ग्रंथ वाचताना माणूस किती चिकाटीने विचार करू शकतो हे कळतं. शालेय पुस्तकांत मात्र वाद गळून गेले आणि यादी उरली.

मेलबर्नच्या नैर्ऋत्येला, खाडीच्या काठावर असलेल्या पॉइंट कुकमध्ये मी राहते. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाचं हे जन्मस्थान. दुसऱ्या महायुद्धानंतर बरीच दशकं हवाई दलाची भाषाशाळा इथल्याच तळावर होती. चिनी, इंडोनेशियन, व्हिएतनामी अशा भाषा सैनिकांना इथे शिकवत. इंग्रजीच्या चौकटी दुसऱ्या भाषेवर बसवताना काय ओढाताण होते, ती या गावाने वसाहती उभ्या राहण्याआधीच पाहिली असणार. आता इथे मराठी घरं पुष्कळ आहेत आणि रविवारी आसपासची मुलं आमच्याकडे मराठी वाचायला येतात.

त्यांतल्या एका चौथीतल्या मुलीला मी क्रियापदाची आपली नेहमीची व्याख्या सांगितली: क्रिया दाखवून वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा शब्द. फळ्यावर ‘आकाश निळं आहे’ लिहिलेलं होतं. ती म्हणाली, ‘‘काकू, यात कुणी काहीच करत नाहीये. ‘आहे’ रिलेटिंग व्हर्ब आहे.’’ तिच्या शाळेत क्रियापदं चार प्रकारांनी शिकवतात: करणं, बोलणं, विचार करणं आणि नातं जोडणं. ही मांडणी मायकल हॅलिडेंची. 1976 मध्ये त्यांनी सिडनी विद्यापीठात भाषाविज्ञान विभाग सुरू केला आणि त्यांच्या कार्यात्मक व्याकरणाची छाप इथल्या शालेय अभ्यासक्रमावर उतरली. मुलं ‘नाउन’इतक्याच सहजपणे ‘नाउन ग्रुप’ म्हणतात. सुट्या शब्दापेक्षा शब्दांचा गट मिळून वाक्यात काय काम करतो, ते पाहण्याची त्यांना सवय लागते.

तिचं उत्तर ऐकून मला यास्क आठवला. आख्यातात भाव प्रधान असतो असं तो सांगतो आणि वार्ष्यायणीचा हवाला देऊन भावाचे सहा विकार मोजतो: जन्मणं, असणं, बदलणं, वाढणं, झिजणं, नष्ट होणं. ‘असणं’ त्यात दुसरंच आहे. ‘करणं’ हा शब्दही त्या यादीत नाही. इतकी खोल समज हाताशी असताना आपण मुलांना ‘क्रिया दाखवणारा शब्द’ एवढंच सांगून का थांबतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

याच देशात, ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात रॉडनी हडलस्टन शिकवत. जेफ्री पुलम यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेलं इंग्रजीचं केंब्रिज व्याकरण 2002 मध्ये आलं. त्याआधी 1952 मध्ये अमेरिकेत चार्ल्स फ्राइजने ध्वनिमुद्रित टेलिफोन संभाषणं तपासून जुनी नावंच टाकून दिली होती. वाक्यातल्या रिकाम्या जागी कोणता शब्द बसतो, एवढंच पाहून त्याने चार मोठे वर्ग आणि पंधरा लहान गट केले. हडलस्टन-पुलम यांनी नावं ठेवली, पण सीमा हलवल्या. ‘बिफोर द रेन’मध्ये शब्दयोगी, ‘बिफोर इट रेन्ड’मध्ये उभयान्वयी आणि नुसतं ‘बिफोर’ आलं की क्रियाविशेषण, ही जुनी विभागणी त्यांनी मोडली. ‘खाणं’ हे क्रियापद कर्म असो वा नसो, क्रियापदच राहतं. मग मागचापुढचा शब्द बदलला म्हणून ‘बिफोर’ची जात का बदलावी? हाच युक्तिवाद भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सनने 1924 मध्ये केला होता.

हा वाद मराठीतही जसाच्या तसा उभा आहे. ‘तो माडीवर गेला’ यात ‘वर’ शब्दयोगी, ‘तो वर गेला’ यात क्रियाविशेषण. परीक्षेत यावर हमखास प्रश्न येतो आणि आपण जोडून की सुटा एवढं बघून उत्तर लिहितो. ‘वर’ दोन्हीकडे तेच सांगतो. मला स्वतःला त्याला एकाच जातीत ठेवणं पटतं. मात्र नामाचं सामान्यरूप होऊन त्याला चिकटणं ही मराठीची खास रीत आहे आणि इंग्रजीच्या वादात तिला जागा नाही. तिचा विचार आपला आपणच करायला हवा.

त्यासाठी मराठी कशी चालते ते इथल्या घरांत स्पष्ट ऐकू येतं. इंग्रजी नाम आत आलं की त्याला लिंग मिळतं, विभक्ती मिळते: ‘बिन बाहेर ठेवलीस का?’, ‘लाल बिनेत टाक.’ इंग्रजी क्रियापदाला मात्र तशी सरळ वाट नाही. ‘गाडी पार्क केली’, ‘फॉर्म सबमिट झाला’: काळ, लिंग, वचन सगळं ‘करणं’ आणि ‘होणं’ वाहतात. पाच-सहा वर्षांची मुलंही यात चुकत नाहीत, त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. पाणिनीची कसोटी इथे लख्ख उतरते: ज्याला मराठी क्रियापदाचे प्रत्यय लागत नाहीत, ते मराठी क्रियापद नव्हे.

तरी ही वाट कायमची बंद आहे असं नाही. ‘बदल’ आणि ‘खर्च’ हे शब्द फारसीतून आले आणि आज आपण बदलतो, खर्चतो. ‘पार्कलं’ असं अजून कुणी म्हणत नाही, ‘गूगललं’ मात्र कानावर पडतं.